फौंड्रीवाला निवडणुकीला उभा राहतो तेव्हा

प्रश्न विचारणारे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले उद्योजक आहेत. वय 46. वडिलांनी सुरू केलेली फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, जोडीला मशीनशॉप, एकशे दहा कामगार. ते लिहितात: "तालमीतली पोरं आणि एका पक्षाचे दोन पदाधिकारी वर्षभर मागे लागलेत, पुढच्या विधानसभेला उभं राहा म्हणून. उद्योगातून राजकारणात गेलेल्या माणसाचं आयुष्य आतून कसं असतं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. सगळे एकतर चढवतात, नाहीतर घाबरवतात. तुम्ही अशा माणसांचे हिशेब लिहिलेत, म्हणून तुम्हाला विचारतो."

मी एकतीस वर्षं करसल्लागार आहे. माझी निम्मी कामं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावची. माझ्याकडच्या उद्योजकांपैकी सहा जण आजवर महापालिका, जिल्हा परिषद किंवा विधानसभेला उभे राहिले आणि दोन निवडून आले. त्यांच्या सभांना मी फारसा गेलो नाही. त्यांच्या वह्या मात्र निवडणुकीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा माझ्या टेबलावर होत्या. त्यावरून माझं मत झालंय ते आधीच सांगतो. कारखान्याची खुर्ची सहीसकट दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी असेल तरच उभं राहा. ती तयारी नसेल तर कितीही लोक मागे लागोत, नको म्हणा.

आता सविस्तर. आपल्या जिल्ह्यात उद्योग आणि राजकारण यांचं नातं जुनं आहे, पण लोक तुम्हाला जी नावं सांगून चढवतात ती तुमच्या कामाची नाहीत. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार आधी प्रजा परिषदेचे लढवय्ये होते, भूमिगत राहिले, संविधान सभेचे सदस्य झाले. पंचगंगा साखर कारखाना त्यानंतर आला. म्हणजे त्यांचा प्रवास राजकारणातून उद्योगाकडे झाला. डी. वाय. पाटील यांचंही तेच. 1967 आणि 1972 ला पन्हाळ्यातून आमदार झाले, शिक्षणसंस्थांचा पसारा मागून उभा राहिला. वारणेच्या तात्यासाहेब कोरेंनी माळरानावर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा असं गावच वसवलं आणि नातू विनय कोरे त्या पायावर आमदार आणि मंत्री झाले. इचलकरंजीत कल्लाप्पाण्णा आवाडे यांनी सूतगिरणी, जनता बँक, हुपरीचा जवाहर कारखाना असं जाळं विणलं. ते आमदार झाले, 1996 आणि 1998 ला खासदार झाले. पुढे मुलगा आणि नातूही विधानसभेत गेले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तिथं कारखान्याचा सभासद हाच मतदार असतो. ऊस तोच घालतो, दूध तोच घालतो, वार्षिक सभेला तोच येतो आणि मतदानाच्या रांगेतही तोच उभा असतो. संस्था नीट चालवणं हाच तिथला प्रचार.

तुमची फौंड्री तशी नाही. तुमचा माल पुण्याला, चाकणला जातो. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, आणि भंगार बाहेरून येतं. साचे बनवण्याच्या (मोल्डिंग) आणि ओतलेला माल साफ करण्याच्या (फेटलिंग) कामावरची निम्म्याहून जास्त माणसं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची आहेत आणि त्यांची मतं त्यांच्या गावाकडं आहेत. उरलेले कामगार हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतल्या गावांतून येतात. तुम्ही शहरातून उभे राहणार असाल तर तेही तुम्हाला मत देऊ शकत नाहीत. पंधरा-वीस कोटींची उलाढाल असलेल्या तुमच्या धंद्याचा एकही धागा मतपेटीला बांधलेला नाही. हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, कारण मागे लागणाऱ्यांना तुमची उलाढाल तेवढी दिसते.

मग आपल्यासारखा खासगी उद्योजक इथं निवडून येतच नाही का? येतो. अलीकडचं ठळक उदाहरण चंद्रकांत जाधव यांचं. ऑक्टोबर 2019 मध्ये कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसच्या तिकिटावर ते आमदार झाले, तेही सलग दोन वेळा निवडून आलेल्या शिवसेनेच्या राजेश क्षीरसागर यांना हरवून. ते उद्योजक होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पेठांमध्ये त्यांना ओळखत होते ते फुटबॉलमुळे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की या शहरात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या गॅलरीत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला दार ठोठावून ओळख करून द्यावी लागत नाही. कारखान्यानं त्यांना उभं राहण्याची ताकद दिली असेल, मतदाराशी नातं मात्र कारखान्याच्या गेटाबाहेर जोडलं गेलं होतं.

त्यांच्या आमदारकीचा काळ आठवा. ऑगस्ट 2019 चा महापूर नुकताच ओसरला होता. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन आठवड्याभर गाड्या अडकल्या होत्या, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. पुढच्या मार्चमध्ये करोना आला. जुलै 2021 ला पुन्हा पूर. 2 डिसेंबर 2021 ला हैदराबादला उपचार सुरू असताना त्यांचं निधन झालं. जेमतेम दोन वर्षं मिळाली आणि तीही संकटांची. 12 एप्रिल 2022 ला पोटनिवडणूक झाली, त्यात त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या. घरातल्या माणसाचा या सगळ्यात किती वाटा असतो, हे त्या निवडणुकीनं शहराला दाखवलं. त्यावर शेवटी बोलतो, कारण तुमच्या पत्रात वहिनींचा एका शब्दानंही उल्लेख नाही.

देशातल्या मोठ्या घराण्यांची उदाहरणं थोडक्यात सांगतो. 1971 ला नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षी के. के. बिर्ला राजस्थानात झुंझुनूमधून हरले. बिर्ला पुढे संसदेत गेले ते राज्यसभेच्या दारानं. राहुल बजाजही 2006 ला राज्यसभेवरच गेले. एवढी मोठी नावं, पण थेट मतदारापुढं त्या नावांची जादू चालली नाही.

याला अपवाद म्हणून मला वीरेन शहा नेहमी आठवतात, कारण ते आपल्याच, म्हणजे लोखंडाच्या धंद्यातले. मुकंद आयर्न अँड स्टीलचे. 1967 ला 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाकडून गुजरातमधल्या जुनागढमधून लोकसभेवर निवडून आले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे सरकारविरुद्ध स्फोटांचा कट रचल्याच्या खटल्यात, जॉर्ज फर्नांडिस यांच्याबरोबर आरोपी झाले, तुरुंगात गेले. 1977 ला सरकार बदललं आणि खटला मागं घेतला गेला. 1999 ते 2004 ते पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. परवाने, कोटे, कर्ज सगळं सरकारच्या हातात असण्याच्या काळात पोलादाच्या कारखानदारानं सरकारविरुद्ध उभं राहायचं, याला काय लागलं असेल याचा विचार करा. तुमच्यावर तुरुंगाची वेळ येणार नाही. पण तुम्ही ज्या पक्षाचं तिकीट घ्याल तो विरोधात बसला, तर तुमच्या वीजजोडणीच्या, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या आणि जीएसटीच्या फायली प्रत्येक वेळी पूर्ण आणि चोख असाव्या लागतील. आज कागद कमी पडला तर "उद्या आणून देतो" चालतं. निवडणुकीनंतर ते चालणार नाही.

आता माझ्या वह्यांतली गोष्ट. नावगाव बदलून नव्हे, नावगाव न सांगताच सांगतो.

2010 च्या महापालिका निवडणुकीत एक फौंड्रीवाले नगरसेवक झाले. माणूस सरळ, कामाचा, वॉर्डात खरोखर पाण्याची लाइन आणणारा. कारखाना मेहुण्याकडे सोपवला असं सगळ्यांना सांगितलं, पण चेकवर सही स्वतःचीच ठेवली. चेकबुक गाडीच्या डिकीत. सकाळी आठपासून दारात माणसं: दाखला, दवाखाना, शाळेचा प्रवेश. दुपारी सभा, संध्याकाळी लग्नं, रक्षाविसर्जन चुकवून चालत नाही. मेहुणा चेकसाठी त्यांच्या मागं शहरभर फिरायचा. पिग आयर्नवाल्याचं पेमेंट पंधरा दिवस लांबलं, मग महिना. त्यानं उधारी आखडली. भट्टीचे हीट, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या फेऱ्या, कमी झाले. बँकेला स्टॉक स्टेटमेंट उशिरा जाऊ लागलं आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्जखात्यातून उचलता येणारी रक्कम, घटली. दरम्यान रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढत होतं, कारण साच्याच्या वाळूकडं बघणारं कुणी नव्हतं. पूर्वी ते स्वतः रोज सकाळी मूठभर वाळू हातात दाबून बघायचे. अडीच वर्षांनी पुण्याच्या ग्राहकाचा ट्रक आला आणि पाचपैकी तीन पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्याचे नमुने, उचलून घेऊन गेला. पॅटर्न ग्राहकाचे असतात, त्यामुळं अडवताही येत नाहीत. पॅटर्न गेले म्हणजे काम गेलं; फौंड्रीवाल्यासाठी त्या ट्रकचा अर्थ काय असतो ते तुम्हाला कळेल. त्या दिवशी ते महापालिकेच्या सभेत होते.

दुसरे गृहस्थ जिल्हा परिषदेला उभे राहिले. त्यांनी दोन वर्षं आधी तयारी केली. पुतणी मेकॅनिकल इंजिनिअर, तिला संचालक केलं. बँकेत सहीचे अधिकार तिच्या नावे केले. पेमेंटचा ओटीपी येतो तो मोबाइल नंबरसुद्धा बदलून तिचा दिला. ही साधी वाटणारी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण मालकी हल्ली त्या नंबरातच असते. पहिले सहा महिने त्यांना झोप लागत नसे, मला रात्री फोन करायचे. निवडणूक ते हरले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले आणि आपल्या जुन्या केबिनमध्ये पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. पुतणी उठायला लागली तर म्हणाले, बस तू. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पुढं दीड वर्षात त्यांच्याकडं दुसरी इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) आली.

पैशाबद्दल. विधानसभेला एका उमेदवाराची खर्चमर्यादा 2022 पासून 40 लाख रुपये आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं आणि प्रत्येक रुपया त्यातूनच जावा लागतो. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं. अनामत 10,000 रुपये, आणि वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. हे सगळं कुणीही सांगेल. आमच्या धंद्यातले लोक जिथं चुकतात ती जागा वेगळी आहे.

कंपनी म्हणजे आपलाच खिसा, ही सवय. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतून निवडणुकीसाठी पैसे उचलले तर ते कर्ज दाखवा नाहीतर काहीही दाखवा, संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्यात बंधनं आहेत आणि आयकरात ती रक्कम मानीव लाभांश, म्हणजे कंपनीनं तुम्हाला वाटलेला नफाच, धरून तुमच्यावर कर बसू शकतो. तो खर्च कंपनीच्या नफ्यातून वजाही होत नाही. कंपनी राजकीय पक्षाला देणगी देऊ शकते, त्याला संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि ती रोखीनं चालत नाही. पण पक्षाला देणगी वेगळी आणि तुमच्या मांडवाचं भाडं वेगळं.

वाहनांचंही तसंच. यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका उमेदवाराच्या कारखान्याचा वाळूचा टेम्पो सभेच्या खुर्च्या आणायला वापरला गेला. भाडं दिलं नव्हतं म्हणून मी तो खर्चात धरला नाही. निवडणूक विभाग उमेदवाराच्या खर्चाची स्वतः वेगळी नोंद ठेवतो, त्या छाया नोंदवहीत त्या टेम्पोची नोंद आणि फोटो दोन्ही होते. फुकट वापरलेली वस्तूसुद्धा जिल्हा प्रशासनाच्या दरपत्रकाप्रमाणं खर्चात धरायची असते. नोटीस आली, आम्ही चूक मान्य करून रक्कम जोडली आणि मर्यादेत असल्यामुळं निभावलं. त्या उमेदवाराला माझ्यामुळं चार दिवस प्रचार सोडून कचेरीत बसावं लागलं, हे मी विसरलेलो नाही.

दुसरी जागा सरकारी ऑर्डरची. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 9अ असं सांगतं की राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा चालू करार उमेदवाराच्या नावे असेल तर तो विधानसभेसाठी अपात्र ठरतो. तुमच्या बाजूनं काम पूर्ण झालं असेल आणि फक्त बिल यायचं बाकी असेल तर अडचण नाही. तुम्ही मध्यंतरी पाणीपुरवठ्याच्या कामासाठी मॅनहोलची झाकणं आणि पाइप फिटिंग केल्याचं मला आठवतं. ते करार कुणाशी, कुणाच्या नावे, पुरवठा पूर्ण झाला का, हे सगळं वकिलाला दाखवायचं. महापालिकेला उभं राहणार असाल तर नियम आणखी कडक आहे. तिथं महापालिकेच्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंधही चालत नाही.

आणि हितसंबंध म्हणजे फक्त करार नव्हे. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात अवघड वाटतो तो हद्दवाढीचा प्रश्न. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही आणि शहरातल्या प्रत्येक पक्षाला हद्दवाढ हवी आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही एमआयडीसींचा तिला विरोध आहे. घरफाळा वाढेल आणि सुविधा तेवढ्याच राहतील अशी आपली भीती. 2017 ला 42 गावांसाठी प्राधिकरण करून तो वाद बाजूला ठेवला गेला, मिटला नाही. शिरोलीच्या असोसिएशनच्या बैठकीत तुम्ही हद्दवाढीविरुद्ध बोलला आहात, मी तिथं होतो. उद्या बिंदू चौकात उभं राहून तुम्ही काय बोलणार? दोन्हीकडं दोन भाषा बोललात तर महिनाभरात उघडे पडाल. आधी ठरवा आणि जे ठरेल ते असोसिएशनला स्वतः जाऊन सांगा, तिकीट मागण्याच्या आधी.

वीजदराचं उलटं आहे. शेजारी कर्नाटकात वीज स्वस्त, म्हणून इथले उद्योग तिकडं जायची भाषा करतात, हे आपण कित्येक वर्षं ऐकतोय. तुम्हाला त्यातलं खरंखुरं कळतं. विधानसभेत पॉवर फॅक्टर आणि डिमांड चार्ज या शब्दांचा अर्थ माहीत असलेला माणूस असावा असं मला मनापासून वाटतं. पण पहिला आरोप होईल तो स्वतःचं बिल कमी करायला गेला असाच. त्याला उत्तर म्हणून आधी स्वतःची वापरलेली वाळू कुठं टाकता ते बघा. ओढ्याकाठी, शेताच्या बांधाला पडलेले काळ्या वाळूचे ढीग लोकांना दिसतात. पंचगंगेच्या प्रदूषणावर बोलणाऱ्या माणसाच्या कारखान्याची वाळू ओढ्यात सापडली तर त्याचं बाकीचं काहीच कुणी ऐकणार नाही. वाळू पुन्हा वापरण्याचा प्लांट तुम्ही तीन वर्षं पुढं ढकलताय. निवडणुकीला उभं राहा किंवा राहू नका, तो बसवा.

तुम्ही असंही विचारलं होतं की हरलो तर काय. हरणं सोसतं. आमच्या सहांपैकी चौघे हरले आणि चौघेही आज धंद्यात आहेत. जड जातं ते निवडून आल्यानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष, जेव्हा उत्साह ओसरलेला असतो आणि दारातली माणसं तेवढीच असतात. कारखान्यात तुम्ही सांगितलं की साचा संध्याकाळपर्यंत तयार होतो. तिथं एका रस्त्याच्या फायलीला आठ महिने लागतात आणि त्या आठ महिन्यांत शिव्या तुम्ही खायच्या. ज्यांना ते जमलं ते दोघेही मुळात ऐकून घेणारे होते. तुम्ही कामगारांच्या अडचणी शनिवारी दुपारी स्वतः बसून ऐकता, म्हणून तुमच्याबद्दल मला आशा वाटते. नाहीतर एवढं लांबलचक लिहिलं नसतं.

आता काय करायचं. निवडणुकीला वेळ आहे. येत्या दिवाळी पाडव्यापासून वर्षभर तुमच्या धाकट्या भावाला पूर्ण अधिकार द्या. सही, ओटीपी, ग्राहकाचे फोन, बँकेच्या भेटी, सगळं. त्या वर्षात तुम्ही कारखान्यात आठवड्यातून एकदाच जायचं. उरलेला वेळ शहरात घालवा: दवाखान्यात, शाळांत, स्टेडियमवर, पूर आला तर बोटीवर. पुढच्या पाडव्याला आपण तिघं बसून रिजेक्शनचे आकडे, देणेकऱ्यांची यादी आणि सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचा उतारा बघू. ते ठीक असेल तर मी स्वतः तुमच्या खर्चाची वही लिहीन.

आणि माझ्याकडं याल तेव्हा वहिनींना घेऊन या. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात नवऱ्याइतकेच बायकोचे रकाने असतात. तिची पाच वर्षांच्या विवरणपत्रांतली कमाई, दागिने, ठेवी, तिच्या नावावरचा प्लॉट, सगळं लिहावं लागतं आणि ते संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. एकही रकाना कोरा सोडता येत नाही. त्याशिवाय तुमच्या सीसी कर्जाला त्यांची वैयक्तिक हमी आहे. 2016 ला बँकेत त्यांनी सही केली तेव्हा मी शेजारी होतो, आणि ती सही कशावर आहे हे त्यांना तेव्हा कुणी नीट समजावलं नव्हतं. या वेळी ते मी समजावीन. त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि हो म्हटलं, की मग तालमीतल्या पोरांना निरोप द्या.